चाळीस मीटरवरच्या गप्पा : प्रस्तावना

हॅम रेडिओच्या नेटची, म्हणजे रेडिओवरच्या बैठकीची, सुरुवात हजेरीने होते. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर एक जण माईक हातात घेतो, आपला कॉलसाइन सांगतो आणि नेट उघडल्याचं जाहीर करतो. मग एकेक स्टेशन येऊ लागतं. कॉलसाइन, नाव, गाव आणि समोरच्याचा आवाज कसा येतोय त्याचा आकडा. "फाइव्ह नाइन." "फाइव्ह सेव्हन, थोडं फेडिंग आहे, ओएम." सगळ्यांची नोंद झाली की नेट उघडणारा, म्हणजे नेट कंट्रोल, पाळी लावून देतो. त्याचं काम दिंडीतल्या चोपदाराचं. स्वतः फार बोलायचं नाही. पण कोणी कधी बोलायचं, कुठे थांबायचं, उशिरा आलेल्याला कुठे सामावून घ्यायचं, हे सारं त्याच्याकडे. एका वेळी एकालाच बोलता येतं. बटण दाबलं की ऐकणं बंद, सोडलं की बोलणं बंद. त्यामुळे दुसऱ्याचं वाक्य मध्येच तोडणं इथे जमतच नाही, आणि पाळी येईपर्यंत सगळ्यांचं ऐकून घ्यावंच लागतं.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला प्रश्न पडतो. परीक्षा द्यायची, परवाना काढायचा, गच्चीवर तारा ताणायच्या, बॅटऱ्या सांभाळायच्या, आणि एवढं करून बोलायचं काय, तर पाऊस, तार आणि खरखर! हे पुस्तक याच बोलण्याबद्दल आहे. परभणी, सेलू, जिंतूर, पूर्णा, गंगाखेड अशा गावांतल्या ज्या मुलामुलींना या छंदात यावंसं वाटतं, त्यांना नेटवर काय बोलतात आणि ते का बोलतात हे कळावं, म्हणून ते लिहिलं. यंत्राची माहिती देणारी पुस्तकं पुष्कळ आहेत. माणसं नेटवर तासतासभर बोलतात त्यात किती विद्या भरलेली असते, हे सांगणारं मराठीत फारसं काही माझ्या हाती लागलं नाही. आणि मला तर ती विद्याच या छंदाचा जीव वाटते.

आधी मर्यादा सांगतो, कारण बोलण्याचा पोत तिथूनच ठरतो. आंतरराष्ट्रीय नियमांत हौशी, म्हणजेच हॅम, रेडिओ सेवेची व्याख्या आहे : स्वतः शिकणं, एकमेकांशी संपर्क ठेवणं आणि तांत्रिक शोध घेणं, तेही वैयक्तिक आवडीपोटी, पैशाच्या लोभाविना. म्हणून रेडिओवर धंदा चालत नाही. गाणी लावता येत नाहीत. गुप्त लिपीत बोलता येत नाही. जे बोलायचं ते उघड्या, साध्या भाषेत, ज्याला ऐकायचं त्याने ऐकावं. "यंदा सोयाबीन पिवळं पडलंय" एवढं म्हणायला हरकत नाही. "वीस क्विंटल आहे, काय भाव देता?" असा सूर लागला की नेट कंट्रोलने तिथेच थांबवायचं, आणि थांबवतातच. कोणीही ऐकू शकतं हे ठाऊक असल्यामुळे माणूस तोलूनमापून बोलतो. राजकारणाची, जातिधर्माची भांडणं बाहेर राहतात. मग उरतं काय? जे आपण स्वतः केलं, मोजलं, ऐकलं ते. नेटवरच्या गप्पांना मोल आहे ते याच्यामुळे.

आता परभणीचं. जगभरचे हॅम आपली जागा सांगायला पृथ्वीचे चौकोन वापरतात. दोन अक्षरं आणि दोन आकडे. परभणी शहर एमके८९ या चौकोनात येतं. पूर्वेला ७६ ते ७८ रेखांश आणि उत्तरेला १९ ते २० अक्षांश एवढा त्याचा पसारा, म्हणजे जिंतूर, सेलू, पूर्णा, हिंगोली, नांदेड हे सगळे एकाच चौकोनातले शेजारी. गंगाखेड मात्र १९ अक्षांशाच्या जरा खाली, म्हणून ते एमके८८ मध्ये. लातूर आणि किल्लारीही त्याच चौकोनात. नव्या मुलाने नकाशा समोर घेऊन आपला चौकोन स्वतः काढावा असा माझा आग्रह असतो. "तुझा ग्रिड काय?" हा प्रश्न नेटवर पहिल्याच दिवशी येतो.

पण परभणीचं खरं महत्त्व अंतरांत आहे. नकाशावर सरळ रेघ मारली तर पुणे इथून सुमारे ३२० किलोमीटर, नागपूरही तेवढंच. हैदराबाद पावणेतीनशे, मुंबई सव्वाचारशेच्या आत, कोल्हापूर चारशेच्या आसपास. चाळीस मीटर बँड म्हणजे भारतात ७००० ते ७२०० किलोहर्ट्झ. दिवसा या बँडवर साधी तार आणि थोडी शक्ती असली तरी ही सगळी ठिकाणं आवाक्यात येतात. लहरी जवळजवळ सरळ वर जातात, आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परततात आणि तीन-चारशे किलोमीटरच्या वर्तुळात पसरतात. मधले डोंगर आडवे येत नाहीत, कारण लहर डोंगराच्या माथ्यावरूनच खाली उतरते.

रात्र चढते तसा आयनांबर विरळ होत जातो. मग उभी गेलेली लहर परतत नाही, आरपार निघून जाते. तिरकी गेलेली तेवढी परतते आणि दूरवर पडते. जवळची स्टेशनं एकेक करून बुडतात. पुणे आणि मुंबई एकमेकांना ऐकेनाशी होतात, कारण त्यांच्यातलं अंतर जेमतेम सव्वाशे किलोमीटर. परभणीला मात्र दोघंही स्वच्छ ऐकू येत असतात. अशा वेळी नेट कंट्रोल विचारतो, "रिले कोणी देऊ शकेल का?" मग परभणीसारख्या जागेवरचं स्टेशन पुढे होतं : पुण्याचं ऐकून मुंबईला सांगायचं, मुंबईचं ऐकून पुण्याला. शब्द बदलायचा नाही, आपली भर घालायची नाही, आकडे दोनदा सांगायचे. हे काम कोणी शिकवत नाही. नेटवर बसून बसून अंगवळणी पडतं. सूर्यावरचे डाग कमी असतात त्या वर्षांत तर संध्याकाळ उलटली की लवकरच रिलेची गरज पडू लागते. बडी स्टेशनं पुण्या-मुंबईत असली तरी मधल्या माणसाविना नेट पुरं होत नाही. मराठवाड्यातल्या मुलांनी या छंदात यावं असं मी म्हणतो त्यामागे हे साधं भौतिक कारण आहे.

नेटवरच्या बोलण्यात सगळ्यात मोठा वाटा अँटेनाचा. बाहेरच्याला कंटाळा येईल इतका. चाळीस मीटरसाठी अर्ध्या तरंगाची तार सुमारे २० मीटर लागते, मधोमध तोडून दोन्ही बाजूंना दहा-दहा. मधला बिंदू जीआय पाइपाच्या टोकाला बांधायचा, दोन्ही टोकं खाली उतरवून गच्चीच्या कठड्याला किंवा लिंबाच्या फांदीला ताणायची. घराच्या वायरिंगची तार चालते. टोकाला इन्सुलेटर म्हणून पीव्हीसी पाइपाचे तुकडे चालतात. एवढं सांगून झालं की खऱ्या चर्चेला तोंड फुटतं. प्लास्टिकचं वेष्टण असलेली तार थोडी आखूड लागते, का? तार आधी लांबच ठेवावी आणि एसडब्ल्यूआर, म्हणजे तार सेटशी किती जुळली त्याचा आकडा, पाहत बोटभर, बोटभर कमी करत यावी; कापण्याऐवजी मागे दुमडून पिळली तर चुकल्यावर सोडता येते. उंची किती? जवळच्या गप्पांसाठी दहा मीटर पुष्कळ, जास्त उंचीचा हट्ट नको. उन्हाळ्यात परभणीचा पारा चव्वेचाळीसला टेकतो. त्या उन्हात नायलॉनची दोरी दोन-तीन मोसमांत कुजते आणि पहिल्या वळवाच्या वाऱ्यात तार खाली येते. कोणती दोरी टिकली, कोणती नाही, हे एकाने सांगायचं, दुसऱ्याने वहीत टिपायचं. पुस्तकात 'हवामानरोधक दोरी वापरा' एवढंच असतं. कोणत्या दुकानातली, कोणत्या जाडीची आणि किती पावसाळे टिकली, ते नेटवर कळतं.

अँटेनाच्या मागोमाग येते खरखर. माझ्या मते आपल्याकडच्या नेटवरचा हा सगळ्यात शिकवणारा विषय, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

खरखर दोन तऱ्हेची. एक आभाळातली, वळवाच्या ढगांतल्या विजांची; ती आली तशी जाते. दुसरी माणसाने केलेली. स्वस्त एलईडी बल्ब, मोबाईलचे चार्जर, इन्व्हर्टर, सौर पॅनेलचा कंट्रोलर, विजेच्या खांबावरचा तडकलेला इन्सुलेटर. प्रत्येकाचा आवाज वेगळा, आणि सरावलेला कान तो ओळखतो. आपल्या शिवारात त्यात आणखी एक भर पडली आहे : झटका मशीन. रानडुकरं आणि रोही पिकात शिरू नयेत म्हणून शेताभोवती तार लावतात आणि तिच्यात मशीन साधारण सेकंदाला एक ठोका सोडतं. रेडिओवर तो 'टक्... टक्... टक्...' असा ऐकू येतो, रात्रभर, घड्याळाच्या नेमाने. नेटवर नवीन आलेला वैतागून विचारतो, हे काय आहे? जुना हॅम त्याला उलट विचारतो : ठोका सेकंदाला एक आहे की घाईचा? पावसानंतर वाढतो का? कोणत्या दिशेने येतो? मग सांगतो की बॅटरीवर चालणारा छोटा मिडियम वेव्ह रेडिओ घे, स्टेशन नसलेल्या जागी लाव आणि आडवा धरून हळूहळू फिरव. आवाज सगळ्यात कमी होतो तेव्हा रेडिओतल्या अँटेनाच्या दांड्याचं टोक खरखरीच्या उगमाकडे असतं. दोन जागांवरून अशा दोन रेघा घेतल्या की जागा सापडते.

बहुतेक वेळा मशीन बिचारं नीटच असतं. तार कुठेतरी ओल्या गवताला टेकलेली असते किंवा सैल पिळलेल्या जोडातून ठिणगी उडत असते. गवत कापलं, जोड घट्ट केला की ठोका विरतो. शेतकऱ्याचाही त्यात फायदा, कारण जिथे ठिणगी गळते तिथपासून पुढे कुंपण लेचंपेचं झालेलं असतं. एका तक्रारीतून दिशाशोधनाचा धडा मिळतो, शेजारधर्म राखला जातो आणि पीक वाचतं. घरातली खरखर शोधण्याची रीतही नेटवरच शिकायला मिळते : सेट बॅटरीवर चालवायचा, मेन स्विच पाडायचा, मग एकेक एमसीबी उचलत ऐकत बसायचं.

ही अडचण नवी नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मोजमापं बिघडणार हे उघड होतं, म्हणून १९०४ मध्ये ते काम अलिबागला हलवलं गेलं. अलिबागची ती चुंबकीय वेधशाळा आजही चालू आहे. चुंबकीय वादळाच्या दिवशी बँड का मेला याची चर्चा नेटवर रंगते तेव्हा मला हटकून अलिबाग आठवतं. शांत जागा शोधत गेलेल्या त्या माणसांचा प्रश्न आणि आपला प्रश्न एकच आहे.

अर्थिंगबद्दल थोडं. आपली काळी माती ओली असते तेव्हा अर्थिंगला उत्तम. पण चैत्र-वैशाखात ती फाटते, भेगांत हात जाईल इतकी. अर्थची सळई मातीपासून सुटते आणि पावसाळ्यात चोख वाटलेलं अर्थिंग ऐन वळवाच्या तोंडावर कुचकामी ठरतं. सळईभोवती मीठ-कोळसा घालून उन्हाळाभर पाणी देत राहायचं, ही आठवण नेटवर दर मार्चमध्ये कोणीतरी करून देतं. तरीही विजेपुढे कशाचाच भरवसा नाही. "आभाळ भरून आलंय, अँटेना काढतो, ७३" असं म्हणून माणूस अर्ध्या वाक्यावर निघून जातो आणि कोणी त्याला थांबवत नाही. मराठवाड्यात वीज पडून माणसं आणि जनावरं दरवर्षी दगावतात. हा नियम कडक आहे, आणि या पुस्तकात तो मी तीन ठिकाणी मुद्दाम पुन्हा सांगितला आहे.

मग सूर्य. हॅम मंडळी सूर्याबद्दल इतकं बोलतात की नवख्याला तो ज्योतिषाचा वर्ग वाटावा. सूर्याचं सध्याचं, पंचविसावं चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं. १० आणि ११ मे २०२४ ला मोठं चुंबकीय वादळ झालं. लडाखमधल्या हानलेहून ध्रुवप्रकाशाची लाली टिपली गेली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सूर्य आपल्या कमाल काळात आल्याचं शास्त्रज्ञांनी जाहीर केलं. भारताचं आदित्य-एल१ जानेवारी २०२४ पासून सूर्यावर नजर ठेवून आहे. पण ज्याच्या गच्चीवर तार आहे त्याला सूर्याची बातमी वाचावी लागत नाही, ती कानावर येते. एरवी मुका असलेला दहा मीटर बँड दुपारी उघडतो आणि पन्नास वॉटपेक्षा कमी शक्तीवर युरोप लागतो. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही आपल्याकडची म्हण. हाइनरिश हर्ट्झने कार्ल्सरूहमध्ये १८८६ ते १८८८ च्या दरम्यान रेडिओ लहरी प्रयोगाने दाखवून दिल्या, म्हणजे या विद्येचं माहेर जर्मनीच. परभणीच्या पोराने जर्मनीचं स्टेशन पकडलं की नेटवर अभिनंदनाची रीघ लागते, आणि लागायलाच हवी.

सेट कुठला, यावरही बोलणं होतं. विकतचा परदेशी सेट महाग. म्हणून हाताने बांधायची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. त्यात हैदराबादच्या अशर फरहान यांचं नाव पुन्हा पुन्हा येतं. त्यांनी बनवलेली बिटएक्स नावाची रचना जगभर बांधली गेली. साध्या, बाजारात सहज मिळणाऱ्या भागांवर ती उभी आहे. सुरुवातीच्या रचनेत तर गुंडाळी करायला नळाचा वॉशर वापरला होता. हैदराबाद परभणीपासून पावणेतीनशे किलोमीटर. ज्या यंत्राची जगभर वाखाणणी होते ते इतक्या जवळ घडलं, हे आपल्या अभियांत्रिकीच्या मुलांना ठाऊक असलं पाहिजे. नेटवर कोणी "पहिल्यांदा घरचा सेट लावलाय, आवाज कसा आहे?" असं विचारतं तेव्हा पाच-सहा जण आपलं काम सोडून त्याचा आवाज तपासतात : खर्ज कमी आहे, वारंवारता सरकतेय, माईक जरा लांब धर. इतक्या आपुलकीने आणि इतक्या खरेपणाने चूक दाखवणारी जागा मला दुसरी ठाऊक नाही.

अलीकडे बऱ्याच बैठका ऑनलाइन होतात. जोनाथन टेलर यांनी २००२ मध्ये हॅमना इंटरनेटवरून जोडणारं एकोलिंक आणलं. परवाना तपासून घेतल्यावर फोनवरूनही त्यात शिरता येतं. डीएमआर या डिजिटल रेडिओचे छोटे हॉटस्पॉट आले. टाळेबंदीत व्हिडिओ बैठकींची सवय लागली. त्यामुळे अँटेना लावायला जागा नसलेले, बदलीच्या गावी भाड्याच्या खोलीत राहणारे, परदेशात गेलेले मराठी हॅम पुन्हा बैठकीत आले. बोलण्याचे विषयही बदलले. इंटरनेटवर सगळ्यांचाच आवाज स्वच्छ, तेव्हा सिग्नल रिपोर्टला अर्थ उरत नाही. त्याऐवजी सर्किटचा नकाशा पडद्यावर दाखवता येतो, परीक्षेचे प्रश्न सोडवता येतात, सोल्डरिंग कुठे बिघडलं ते कॅमेऱ्यासमोर धरता येतं. शिकवायला हे उत्तम. पण माझं स्पष्ट मत आहे की केवळ यावर भागवू नये. मोबाईलच्या टॉवरची बॅटरी संपली की ही बैठक संपली. तारेवरची बैठक तेव्हाच कामाची ठरते, आणि तिचा सराव तारेवरच व्हावा लागतो.

एफटी८ या डिजिटल पद्धतीवरून मात्र नेटवर नेहमीच वाद होतात. २०१७ मध्ये स्टीव्ह फ्रँके आणि जो टेलर यांनी ती आणली. हे टेलर म्हणजे १९९३ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले. पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळीत संगणकच कॉलसाइन, चौकोन आणि रिपोर्ट पाठवतो, आणि कानाला ऐकूही न येणारा सिग्नल उलगडतो. जुने म्हणतात, यात माणूस कुठे आहे? नवे म्हणतात, आमच्या दाट वस्तीत तार लहान आणि खरखर मोठी, आम्ही काय करावं? दोघांचंही खरं आहे. एमके८९ हा चौकोन जगाच्या पडद्यावर उमटतो तो बहुधा एफटी८ मुळेच. पण रिले कसा द्यायचा हे एफटी८ शिकवत नाही.

उपग्रहांचं बोलणं मुलांना सगळ्यात आवडतं. ५ मे २००५ ला पीएसएलव्हीने हॅमसॅट हा भारताचा हौशी रेडिओचा उपग्रह सोडला आणि २०१४ पर्यंत तो जगाच्या कामी आला. आता कतारच्या एस्-हेल-२ उपग्रहावरचा क्यूओ-१०० हा हॅमचा ट्रान्सपाँडर आहे, भूस्थिर. परभणीतून तो पश्चिमेला, किंचित दक्षिणेकडे झुकून, क्षितिजापासून सुमारे २९ अंशांवर असतो; जुन्या डीटीएचच्या थाळीने त्याचं ऐकता येतं. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक १४५.८०० मेगाहर्ट्झवर अधूनमधून बोलतं; २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला यांनी तिथून हॅम रेडिओवर भारतीय विद्यार्थ्यांशी संवाद साधला. स्थानक डोक्यावरून जायला दहा मिनिटंही लागत नाहीत. तेवढ्यासाठी शाळेची गच्ची भरते.

हे सगळं कशासाठी, याचं उत्तर इतिहासात आहे, आणि तो आपल्याच भागातला आहे. १९४२ च्या चळवळीत उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत गुप्तपणे काँग्रेस रेडिओ चालवला. युद्धामुळे हौशी परवाने रद्द झालेले होते, तरी नरिमन प्रिंटर यांच्यासारख्या जाणत्या हॅमची विद्या त्या कामी आली. प्रक्षेपण ४२.३४ मीटरवर होतं, म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ. आज आपण ज्या बँडवर पावसाच्या गप्पा मारतो त्याच बँडच्या आत.

दुसरी आठवण ३० सप्टेंबर १९९३ ची. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली. गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. दगड-मातीची घरं माळवदासकट अंगावर आली; सुमारे दहा हजार माणसं गेली. तेव्हा खेड्यात मोबाईल नव्हता आणि मोजके फोनही बंद पडलेले. बाहेरून हॅम मंडळी आपले सेट, तारा आणि बॅटऱ्या घेऊन तिथे पोचली. अशा वेळी निरोप असतात ते औषधांच्या याद्यांचे, रक्तगटांचे, नावांचे. यादीतलं एक अक्षर चुकलं तर भलत्याच घरी बातमी जाते. हे काम करायला शक्तिशाली सेट लागतो असं लोकांना वाटतं. लागते ती सवय : हळू बोलण्याची, पाळी पाळण्याची, आकडा दोनदा सांगण्याची, समोरच्याने परत वाचून दाखवेपर्यंत थांबण्याची. आणि लागते ओळख. अमक्याचा आवाज दुपारी पुण्यात पोचतो, तमक्याकडे दोन दिवस पुरेल एवढी बॅटरी आहे, फलाण्याला घाई झाली की शब्द खातो, हे आधी माहीत असावं लागतं. रोजच्या नेटवर "बॅटरीवर किती वेळ चाललं?" असं विचारतात तेव्हा नकळत ही नोंद होत असते.

डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅमॅच्युअर रेडिओच्या भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी अंदमानातून जगाशी संपर्क करायला गेले होते. बऱ्याच वर्षांनी तिथून परवानगी मिळाली होती आणि जगभरचे हॅम त्या कॉलसाइनसाठी टपून बसले होते. २६ डिसेंबरला त्सुनामी आली. छंदासाठी लावलेलं स्टेशन त्याच दिवसापासून बेटांचे निरोप पोचवू लागलं. माणसं, तारा, सेट सगळं जागेवर होतं, हात बसलेला होता.

गोदाकाठच्या लोकांना हे वेगळं समजावायला नको. सप्टेंबर २०२५ मध्ये जायकवाडीतून पाणी सुटलं तेव्हा काठावरच्या गावांनी काय सोसलं ते ताजं आहे. पाथरीपासून पूर्णेपर्यंत नदी अनेक तालुक्यांना शिवते. प्रत्येक तालुक्याच्या गावी परवाना असलेलं एखादं घर असावं, त्यांची दर रविवारी हजेरी व्हावी, एवढीच माझी इच्छा आहे. हातात मावणाऱ्या व्हीएचएफ सेटवर हे होणार नाही, हेही सांगून ठेवतो. दहा मीटर उंच अँटेनाचं रेडिओ क्षितिज सुमारे १३ किलोमीटर. दोन्हीकडे तशी अँटेना असली तरी सव्वीसच्या पुढे भरवसा नाही. परभणीहून जिंतूर सरळ रेषेत चाळीसच्या जवळ आहे. म्हणून चाळीस मीटर, आणि म्हणून ती वीस मीटर तार.

परवान्यासाठी केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा आहे. बारा वर्षं पूर्ण झालेलं मूल बसू शकतं. रेडिओचं तंत्र आणि नियम अशा दोन भागांत ती होते. रिस्ट्रिक्टेड दर्जाला मोर्स लागत नाही आणि कॉलसाइन व्हीयू३ ने सुरू होतो. जनरलला मोर्स लागतं, तो व्हीयू२. तयारीची प्रकरणं पुस्तकाच्या शेवटी आहेत, पण ती आधी वाचू नयेत. आधी महिनाभर ऐकावं. साध्या शॉर्टवेव्ह रेडिओवर हॅमचं बोलणं घोगरं, न कळणारं येतं. हॅमची आवाजाची पद्धत, एसएसबी, उलगडणारा रिसीव्हर लागतो. कान बसवायला परभणी आकाशवाणीच्या १३०५ किलोहर्ट्झपासून सुरुवात करून वर वर जावं, मग ७००० ते ७२०० च्या मध्ये सकाळी हळूहळू फिरावं.

एक वही करावी. तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, कॉलसाइन, गाव, आवाजाचा आकडा आणि शेवटी एक रिकामा रकाना : काय बोलत होते? वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहावी, आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून. परवाना हातात येईपर्यंत माईकच्या बटणाला हात लावायचा नाही. विनापरवाना प्रक्षेपण हा गुन्हा आहे. नेट चालू असताना आपलं गाव कोणी घेतं का याकडे लक्ष ठेवावं. परभणीतून कोणी हजर आहे का, असं नेट कंट्रोल विचारतो आणि उत्तर येत नाही, तेव्हा तो दोनदा विचारून पुढच्या गावाकडे वळतो. त्या वेळीही वहीत वेळ टिपून ठेवावी.